‘आदेशार्थ सादर’ : शासकीय प्रशिक्षणातून नेतृत्व शिकता येते का?

बारनिशीवाला (मूळ लेख)

महसूल खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, त्याला आता चार वर्षे होतील. नाशिक परिसरात कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणे भरतात, तेथे ‘कार्यालयीन कार्यपद्धती’ या विषयावर बोलण्यासाठी मला अधूनमधून बोलावणे येते. आवक-जावक, कार्यविवरण नोंदवही, टेबलावरचे कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत लावण्याची सहा गठ्ठे पद्धत हे सारे माझ्या हाडीमाशी भिनलेले असल्याने त्याची कधी धास्ती वाटली नाही. मागच्या महिन्यात मात्र कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘नेतृत्व विकास’ असा विषय छापून आला आणि मी दोन रात्री बेचैन झालो. वरून आलेल्या पत्राला मुदतीत उत्तर देणे हेच ज्याचे आयुष्यभराचे काम, त्याने नेतृत्वावर दीड तास काय बोलायचे?

माझ्या आधीच्या वक्त्यांनी चाळीस जणांना फुगे वाटून एक खेळ घेतला. लोक खूश होते, हशा पिकला. त्यानंतर पुरी-श्रीखंडाचे जेवण झाले आणि जेवणानंतरचा तास माझ्या वाट्याला आला, जो कोणत्याही वक्त्याच्या वाट्याला येऊ नये. मी तयार केलेले टिपण बाजूला ठेवले आणि माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला एक प्रसंग सांगितला.

जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत मी लिपिक म्हणून रुजू झालो होतो. पावसाळ्यात एका विधवा बाईंच्या घराची भिंत पडली होती, परंतु पंचनामा मुदतीनंतर झालेला होता. मी टिपणी लिहिली, ‘पंचनामा विहित मुदतीत झालेला दिसून येत नाही. आदेशार्थ सादर.’ आमचे अव्वल कारकून अण्णा यांनी ती परत केली. मी भाषा सुधारून पुन्हा ठेवली, पुन्हा परत आली. तिसऱ्या वेळी त्यांनी मला समोर बसवले आणि विचारले, “भिंत पडली की नाही?” मी म्हणालो, पडली. “पंचनामा उशिरा का झाला?” ओढ्याला पूर असल्यामुळे तलाठी चार दिवस गावात पोहोचू शकले नव्हते, हे त्याच कागदांत लिहिलेले होते. “मग तुझं म्हणणं काय?” या प्रश्नावर मी गप्प. अण्णा म्हणाले, “अरे, ‘आदेशार्थ सादर’ लिहून तू तुझं ओझं साहेबांच्या डोक्यावर टाकतोस. त्यांनी ती बाई पाहिली नाही, कागद तू वाचलेस. तुझं मत लिही आणि खाली सही कर.”

मग मी लिहिले की विलंबास अर्जदार जबाबदार नसल्याने मदत मंजूर करण्यास हरकत नसावी आणि मान्य झाल्यास पत्राचा मसुदा सोबत ठेवला आहे. साहेबांनी त्यावर फक्त ‘मान्य’ लिहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण शासकीय कागदावर मी प्रथमच स्वतःचे काही म्हटले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. राज्याचे प्रशिक्षण धोरण २०११ मध्ये आले आणि पुण्याची ‘यशदा’ ही त्यातली शिखर संस्था ठरली. ही संस्था १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली होती, म्हणजे प्रशिक्षणाची परंपरा काही कालची नाही. केंद्राने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘मिशन कर्मयोगी’ या कर्मचारी प्रशिक्षणाच्या कार्यक्रमाला मंजुरी दिली आणि नियमाकडून भूमिकेकडे जाण्याची भाषा सुरू झाली. हे सगळे चांगलेच आहे. परंतु आपल्यापैकी किती जणांना एखाद्या प्रशिक्षणानंतर टिपणीत स्वतःचे मत लिहिण्याचे बळ आले, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे. प्रमाणपत्रांची संख्या सांगू नये. एखादा प्रसंग सांगावा.

सुरगाण्याची वाट

बारनिशीवाले काका, तुमचा प्रसंग वाचून मी माझ्या शेवटच्या पाच टिपण्या आठवून पाहिल्या. पाचही ठिकाणी ‘आदेशार्थ सादर’ आहे.

मी ग्राम महसूल अधिकारी आहे, म्हणजे जुन्या भाषेत तलाठी. निवड झाल्यानंतर आम्हाला ई-फेरफार आणि ई-पीक पाहणीच्या प्रणालीचे प्रशिक्षण मिळाले. कोणते बटण कोणत्या पडद्यावर आहे हे नीट शिकवले गेले आणि त्याचा उपयोगही झाला. मात्र बटण दाबण्याआधी समोरच्या माणसाशी काय बोलायचे, हे कोणी शिकवले नाही. माझ्या सजातील, म्हणजे माझ्याकडील गावांतील, निम्मी माणसे कोकणा बोलतात आणि मी निफाडच्या द्राक्षपट्ट्यात वाढलेली. वारसनोंदीची नोटीस वाचून दाखवल्यावर एक आजोबा मान डोलवत राहिले. त्यांना काहीही समजलेले नव्हते, हे मला आमच्या कोतवालांनी नंतर सांगितले. पुढचे सहा महिने तेच माझे खरे प्रशिक्षक झाले आणि त्याची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात होणार नाही.

आय-गॉट कर्मयोगी या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांबद्दल खरे सांगायचे तर, त्यांतले काही मला आवडले. तक्रारदाराचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकण्याविषयीचा एक भाग मी दोनदा पाहिला. पण ‘या आठवड्यात इतके अभ्यासक्रम पूर्ण झालेच पाहिजेत’ असा निरोप गटावर आला की मोबाईल टेबलावर ठेवून चित्रफीत चालू करायची आणि आपण सातबाऱ्याच्या दुरुस्त्या करत बसायचे, हेच सर्रास घडते. शेवटी प्रमाणपत्र मिळते, पण चित्रफितीत काय होते ते ज्याचे त्याला माहीत.

मला खरी उणीव भासली ती रुजू होण्याच्या दिवशी. माझ्या आधीच्या भाऊसाहेबांनी दप्तराची यादी, शिक्के आणि कपाटाच्या किल्ल्या दिल्या, दहा मिनिटे बोलले आणि त्यांना बस पकडायची होती म्हणून निघाले. जमिनीच्या कोणत्या गटाचा वाद कोणत्या भावांत आहे, कोणत्या पाड्यावर पावसाळ्यात जाता येत नाही, हे सगळे त्यांच्याबरोबर निघून गेले. बदल्यांच्या कायद्याने पदावधी ठरवून दिला, पण जाणाऱ्या माणसाने डोक्यातले ज्ञान कोठे उतरवून ठेवायचे, याविषयी कोणी का बोलत नाही?

करदाता, सिडको

आपण सर्व जण शासनाच्या आतल्या बाजूने लिहीत आहात, म्हणून खिडकीच्या बाहेरच्या बाजूने दोन शब्द लिहितो. मुलीच्या प्रवेशासाठी एका दाखल्याकरिता मी एका कार्यालयात तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा उत्तर मिळाले, “साहेब ट्रेनिंगला गेलेत.” ते प्रशिक्षण ‘नागरिककेंद्रित सेवा’ या विषयावर होते, हे मला नंतर समजले.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो, हे मला माझ्या भाच्याने सांगितले. खिडकीवरच्या माणसाला ते ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असून सांगायचे नव्हते. मला नेतृत्व नको. साहेब नसताना कागद कोणी घ्यायचा, एवढे ठरलेले असले तरी पुरे.

दिंडोरी रोड

करदाता यांचे शेवटचे वाक्य या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचे आहे असे मला वाटते, आणि ते का, हे माझ्या खात्यातील उदाहरणाने सांगतो.

मी जलसंपदा विभागात अभियंता आहे. आमच्या नवीन अभियंत्यांचे पायाभूत प्रशिक्षण नाशिकलाच, दिंडोरी रोडवरच्या ‘मेटा’ या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेत होते. शेजारी १९५९ पासूनची ‘मेरी’ ही संशोधन संस्था असल्याने प्रयोगशाळेतील प्रतिकृतीवर पाणी कसे वागते ते डोळ्यांनी पाहता येते. मी तेथे बरेच शिकलो. पण नेतृत्व म्हणाल तर ते धरणावर शिकलो.

पावसाळ्यात धरणाच्या दरवाजांवर रात्रपाळीला बसलेल्या कनिष्ठ अभियंत्याची अवस्था डोळ्यांसमोर आणा. गंगापूर धरणातून सोडलेले पाणी गोदावरीने थेट शहरात येते. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला पाणी लागले की छातीला लागले, यावरून सारे नाशिक पूर मोजते. आवक वाढत असताना पहाटे दोन वाजता ‘आदेशार्थ सादर’ लिहून चालत नाही. तरीही तो पोरगा गोंधळत नाही, कारण कोणत्या तारखेला जलाशयात किती पातळी ठेवायची, याची परिचालन सूची आधीच मंजूर झालेली असते. कोणाला कळवायचे आणि किती वेळ आधी इशारा द्यायचा, हेही लिहिलेले असते. त्या चौकटीत त्याने निर्णय घ्यावा, ही अपेक्षा असते आणि तसा तो घेतला तर वरिष्ठ त्याच्या पाठीशी उभे राहतात.

म्हणून माझे म्हणणे असे की, अधिकार आधी लेखी सोपवला असेल तरच प्रशिक्षणाला अर्थ राहतो. अधिकार न देता नेतृत्व शिकवणे म्हणजे पाण्यात न उतरवता पोहायला शिकवण्यासारखे आहे. बारनिशीवाले साहेबांच्या अण्णांनी त्यांना मत लिहायला लावले हे खरे, पण ते मत मानणारे तहसीलदार वर होते म्हणून ती गोष्ट सांगण्याजोगी झाली.

टेबल क्रमांक चार

दिंडोरी रोड यांनी नेमके बोट ठेवले. मी जिल्हा परिषदेत अनुकंपा तत्त्वावर शिपाई म्हणून लागलो आणि पदोन्नतीने लिपिक झालो. पदोन्नतीचा आदेश मिळाला त्या दिवशी दुपारी मला टेबल मिळाले आणि संध्याकाळी पहिले स्मरणपत्र आले. प्रशिक्षण मिळाले ते दोन वर्षांनी, तेही निवृत्तिवेतन प्रकरणांचे, आणि माझ्याकडे तोपर्यंत आस्थापनेचे काम आले होते.

नामनिर्देशन कसे होते तेही सांगतो. पत्र आले की कार्यालयात ज्याच्यावाचून अडत नाही त्याला पाठवले जाते. आमच्याकडील एक सद्गृहस्थ आजवर पंधरा-सोळा प्रशिक्षणांना जाऊन आले आहेत. ज्याच्या टेबलावर खरा ढीग आहे, त्याला साहेब सोडत नाहीत.

आणि मत लिहिण्याविषयी. अण्णांचा काळ वेगळा असेल. आज प्रकरण उलटले तर पहिली नोटीस टिपणीवर पहिली सही असणाऱ्याला येते. शिस्त व अपील नियमांखाली मोठ्या शिक्षेची कारवाई होते की किरकोळ शिक्षेची, एवढीच उत्सुकता उरते. माझ्या एका सहकाऱ्याने स्पष्ट मत लिहिले होते, वरच्या तिघांनी ‘मान्य’ म्हटले होते, आणि चौकशीत खुलासा द्यावा लागला तो त्यालाच. तेव्हापासून आमच्या कक्षात सगळे ‘आदेशार्थ सादर’ लिहितात. त्याला भित्रेपणा म्हणू नका. ते अनुभवातून आलेले प्रशिक्षणच आहे, आणि फुग्यांच्या खेळापेक्षा ते फार खोलवर उतरते.

त्र्यंबक रोड

पोलीस दलातून निवृत्त झालो असून काही वर्षे प्रशिक्षक म्हणून काम केले आहे. नाशिककरांना त्र्यंबक रस्त्यावरील पोलीस अकादमी बाहेरून ठाऊक असते. ही संस्था १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला आली, हे फार थोड्यांना माहीत असते. शंभराहून अधिक वर्षांच्या या अनुभवातून पोलिसांनी एक गोष्ट ओळखली आहे, ती म्हणजे तालमीवाचून शिकवणे फुकट जाते.

२७ ऑगस्ट २००३ चा दिवस या शहरातील कोणीही विसरणार नाही. सिंहस्थातील शाही स्नानाच्या वेळी पंचवटीच्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविक गेले. गर्दी दाटू लागल्याचे सर्वांत आधी जाणवते ते दोरखंड धरून उभ्या असलेल्या शिपायाला. नियंत्रण कक्षाला ते नंतर कळते. मागचा लोंढा थांबवा, असे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर ओरडून सांगायचे की आदेशाची वाट पाहायची? त्या क्षणी तोच नेता असतो, मग त्याच्या खांद्यावर फीत असो वा नसो. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी मिरवणुकीचा मार्ग बदलला गेला. मार्गाइतकेच महत्त्व खालच्या माणसाने ‘थांबवा’ म्हटल्यावर वरच्याने ते ऐकण्याच्या सवयीला आहे.

३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिले अमृतस्नान, अशा तारखा जाहीर झालेल्या आहेत. महसूल, महापालिका, आरोग्य, जलसंपदा अशा सगळ्या खात्यांतील माणसे एकाच घाटावर उभी राहणार आहेत. त्यांना वेगवेगळ्या सभागृहांत नेतृत्वाची भाषणे ऐकवण्यापेक्षा एकत्र घाटावर नेऊन चार वेळा रंगीत तालीम घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहा, मी मत लिहिले.

खडू-फळा

मी प्रशिक्षण देणाऱ्यांच्या बाजूची. फुग्यांचा खेळ मीही घेतलेला आहे, तेव्हा थोडा राग आला आणि थोडी लाजही वाटली.

आमची अडचण समजून घ्या. प्रशिक्षणाचे मूल्यमापन शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्राय पत्रकावर होते. त्यात भोजन, निवास, वक्त्याची शैली असे रकाने असतात. सहा महिन्यांनी त्या माणसाच्या टेबलावर जाऊन काय बदलले, हे पाहण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. जो वक्ता हसवतो त्याला पूर्ण गुण मिळतात आणि जो तीन तास टिपण्या तपासायला लावतो त्याला ‘कंटाळवाणे’ असा शेरा मिळतो. पैशांचे म्हणाल, तर २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात वेतनावरील तरतुदीच्या किमान २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखावी, असे केंद्रातील मंत्रालयांना सांगितलेले आहे. कागदावर ते किती सुंदर दिसते!

तरीही निराश होण्याचे कारण नाही, कारण उत्तम उदाहरण आपल्याच विभागात घडलेले आहे. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतील बसण्याची रचना बदलली, अभिलेखांची घडी बसवली, आणि ‘लखिना पॅटर्न’ हे नाव पुढे राज्यभर गेले. मला त्यात भावते ते असे की माणसांना कचेरीतून उचलून वर्गात नेण्याऐवजी तिथे कचेरीच शिकण्याजोगी केली गेली. एखादी नस्ती, म्हणजे फाईल, कोठे आहे हे साऱ्यांना दिसू लागले की कारकुनाला कोणाच्या उपकारावर अवलंबून राहावे लागत नाही, आणि मग त्याच्या बोलण्यात आपोआप आत्मविश्वास येतो.

टेबल क्रमांक चार यांच्या भीतीला माझ्याकडे उत्तर नाही. प्रशिक्षणाने ती जाणार नाही, हे मात्र मान्य करते.

बारनिशीवाला

इतके मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. टेबल क्रमांक चार यांना एवढेच सांगेन की अण्णांच्या काळीही नोटिसा येत होत्या. मला दोन आल्या. दोन्ही वेळा मी टिपणीत कारणे लिहिलेली असल्याने खुलासा एका पानात झाला. ज्याने ‘आदेशार्थ सादर’ लिहिले होते, त्या माझ्या मित्राला मात्र ‘वस्तुस्थिती निदर्शनास का आणली नाही’ म्हणून तीन पाने लिहावी लागली. मत आणि त्यामागील कारण हे दोन्ही लिहावे. नुसते मत लिहिले तर धोका आहे, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे.

करदाता यांचा मुद्दा मी पुढच्या तासाला पहिला घेणार आहे. साहेब प्रशिक्षणाला गेले असता त्यांच्या खुर्चीचे काम कोण पाहणार, याचा लेखी आदेश दाखवल्याशिवाय प्रशिक्षणार्थ्याची हजेरी लावू नये, अशी सूचना आयोजकांना करून पाहतो. हसतील, पण करतो. फुग्यांऐवजी या वेळी नावे खोडलेल्या तीन जुन्या नस्त्या नेणार आहे. प्रत्येकाने शेवटचा परिच्छेद स्वतः लिहायचा आणि तो शेजाऱ्याने परत करायचा, अण्णा करत तसा.

सुरगाण्याची वाट

काका, माझी बदली अजून लांब आहे, पण मी या आठवड्यात माझ्यानंतर येणाऱ्यासाठी लिहायला बसले. चार पाने झाली. त्यात असे लिहिले आहे की, वरच्या पाड्यावर मोबाईलला रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर मिळते, म्हणून पीक पाहणीच्या काळात शेतकऱ्यांना तेथेच बोलवावे. एका कुटुंबातील आजोबांचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले आहे आणि तिन्ही व्यक्ती एकच आहेत, हे मी स्थळ पाहणीत विचारून खात्री केली आहे. नोटीस वाचून दाखवताना कोतवालांना सोबत घ्यावे आणि ऐकणाऱ्याकडून ती त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यावी. एका बांधाच्या वादात कोणाचे म्हणणे मला खरे वाटते, तेही कारणांसह लिहिले आहे.

आता अडचण अशी की कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत अशा कागदाला रकानाच नाही. तो ठेवायचा कोठे?

बारनिशीवाला

ताई, बांधाच्या वादाविषयीचे मत त्यातून काढून त्या प्रकरणाच्या नस्तीत, दिनांक घालून ठेवा, कारण तो वाद उद्या सुनावणीला येऊ शकतो आणि दोन्ही पक्षांना ते कागदावर दिसले पाहिजे. उरलेली पाने स्थायी आदेश संचिकेत लावा. सहा गठ्ठ्यांपैकी तो एकच गठ्ठा असा आहे, जो अभिलेख कक्षातही जात नाही आणि नष्टही होत नाही. लावण्यापूर्वी मंडळ अधिकाऱ्यांना दाखवून त्यांची सही घ्या आणि आवक क्रमांक टाकायला विसरू नका.